दिवसाउजेडी कुकारा

त्या बेटावर पाहुणा उतरला की त्याला आधी पाणी विचारत नसत. आधी त्याच्या डोक्यावर घमेलं ठेवत. धक्क्याच्या वरच्या पायरीवर पत्र्याची काही घमेली पालथी घातलेली असायची आणि शेजारी काकी उभ्या असायच्या, मान वर करून, माडांच्या शेंड्यांकडे बघत. "डोकं झाका आणि मग चालू लागा," एवढंच स्वागत. नेमणुकीचा हुकूम पर्समध्ये घालून मी पहिल्यांदा होडीतून उतरले तेव्हा मला वाटलं, या बाई मला गवंड्याच्या हाताखालची मजूर समजल्या. मी म्हटलं, "मी शाळेवर आलेय. शिक्षिका आहे." "मग? शिक्षिकेला काय डोकं नसतं?" असं म्हणून त्यांनी ते घमेलं माझ्या नव्या वेणीवर दाबून बसवलं.

या काकी पुढं माझ्या घरमालकीण झाल्या. निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण भाड्यानं खोली देण्याच्या अवस्थेतलं दुसरं घर बेटावर शिल्लक नव्हतं.

रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीत ते बेट आहे. कधीकाळी मुंबईच्या कुणा शेटजींनी ते अख्खं घेतलं आणि त्यावर माड-पोफळी लावल्या. आसपासच्या गावांतून गडीमाणसं आणून वसवली, त्यांच्यासाठी जांभ्या चिऱ्याच्या खोल्यांची लांबलचक ओळ बांधली, तेलाचा घाणा घातला, नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, कुजवून काथ्या काढायला खाडीच्या कडेला खड्डे खणले. काकींचे यजमान त्या बागेचे मुकादम. पुढं शेटजींच्या वारसांत भांडणं लागली, प्रकरण कोर्टात गेलं, मजुरी थांबली आणि माणसं एकेक घर बंद करून मुंबईला निघून गेली. मी गेले तेव्हा शाळेत एका सतरंजीवर मावतील एवढीच मुलं होती. माड मात्र आपल्या जागी उभे होते आणि धरायचे थांबले नव्हते. नारळ उतरवायला पाडेली बेटावर यायला तयार नसे, त्यामुळे नारळ पिकून, सुकून, आपल्या मर्जीनं पडत. कुठंही, कधीही, धप्प. पहिल्या आठवड्यात प्रत्येक आवाजाला माझ्या छातीत कळ यायची. काकींच्या तर आयुष्यभर येत होती.

त्यांच्या काळजीला सुट्टी नव्हती. सकाळी उठल्यापासून त्या बेटावरच्या एकेक संकटाची पाहणी करत. विहिरीचा रहाट, चुलीतला निखारा, पोफळीवरून लोंबणारी झावळी, ओटीवर झोपलेलं कुत्रं. कुत्रं का, तर ते दचकून उठेल, माझ्या पायात येईल आणि मी पडेन. मी कुत्र्यापासून चार हात लांबून जायची, तर म्हणायच्या, "लांबून जाऊ नको गो, तिकडं फरशी हालते." म्हणजे कुठून जायचं? यावर त्यांचं उत्तर असायचं, "थांब जरा." मी थांबायची. मग त्या स्वतः पुढं होऊन फरशीवर पाय दाबून बघायच्या आणि मला हातानं धरून पलीकडं न्यायच्या. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, बी.एड. झालेली बाई होते.

होडीत बसणाऱ्याच्या पाठीला त्या दोन सुकलेले नारळ बांधत, सोडणासकट. आमच्याकडं पोहायला शिकणाऱ्या पोरांना असे बांधतात, पोर बुडत नाही. काकी ते सगळ्यांनाच बांधत. एकदा निवडणुकीची मंडळी यंत्र घेऊन आली होती. परत जाताना त्यातल्या मुख्य साहेबांनी नारळ बांधून घ्यायला साफ नकार दिला. हाताखालच्या माणसांसमोर, पोलिसासमोर, पाठीवर नारळ म्हणजे काय! काकींनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "साहेब, आई हाय का घरी?" साहेब म्हणाले, आहे. "म्हातारी असंल ना?" साहेबांनी शर्ट नीट केला आणि पाठ काकींकडं वळवली. सगळी मंडळी पाठीवर नारळ घेऊन, मांडीवर यंत्र घेऊन खाडी पार करून गेली, आणि पोलीस सर्वांत आधी वाकला होता हे मी स्वतः बघितलंय.

केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हाही घमेल्याचा प्रसंग झालाच. शाळेपर्यंत ते कसेबसे घमेलं घालून आले आणि दारात काढून ठेवणार तोच मागं अंगणात नारळ पडला. त्यानंतर त्यांनी पाढे, शुद्धलेखन, फळ्यावरची गणितं, सगळी तपासणी घमेलं घालूनच केली. मुलं इतकी हसली की एकालाही सातचा पाढा म्हणता आला नाही. शेरा वाईट मिळाला. मी रात्री जेवताना काकींवर चिडले, तर त्या म्हणाल्या, "शेऱ्यानं माणूस मरत नाय," आणि माझ्या ताटात वाकून तारलीचे काटे काढू लागल्या.

हे काटे काढणं रोजचं होतं. तारली काय, मुडदुशी काय, माझ्या पानात मासा पडायच्या आधी त्याचं पाठीचं हाड आणि बारीकसारीक काटे काकींच्या बोटांनी निघालेले असत. तरी मी जेवत असताना त्या समोर बसून माझ्या गळ्याकडं बघत राहायच्या. घास गिळला की त्यांचाही गळा हलायचा. मला याचा भयंकर राग यायचा. एकदा मी मुद्दाम ताट घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसले, पाठ करून. जेवून आत आले तेव्हा काकी चुलीपाशी हातात सुक्या भाताचा मोठा गोळा घेऊन उभ्या होत्या. काटा अडकलाच तर गिळायला. त्या स्वतः जेवल्या नव्हत्या.

शनिवारी मी घरी जायची आणि सोमवारी सकाळच्या होडीनं परत यायची. होडीला उशीर झाला तर काकी धक्क्यावरून उतरून गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या राहिलेल्या असत. मी दिसले की आनंद वगैरे काही नाही, आधी शिव्या. "मेलीस कुठं? हकडं माझा जीव टांगलेला!" मी म्हणायची, "काकी, एसटी उशिरा आली." "एसटीला आई नसती," त्या म्हणायच्या, आणि माझी पिशवी हिसकावून घ्यायच्या. पाण्याची त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त भीती होती आणि तरी त्या पाण्यात उभ्या राहत, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं.

आणि मग तो कुकारा. आमच्या खाडीकाठच्या गावांत लांबच्या माणसाला हाक मारायची ही जुनी रीत. तोंडाभोवती हात धरून पोटातून लांब "कूऽऽऽ" काढायचा, तो पाण्यावरून पलीकडं जातो, आणि पलीकडच्यानं तसाच परत द्यायचा. पूर्वी होडी बोलवायला सगळे कुकारा घालत. आता खिशात फोन असल्यावर कोण कशाला घसा ताणतंय! काकींनी मात्र तो सोडला नव्हता. रोज दिवेलागणीला त्या धक्क्यावर जाऊन एक लांब कुकारा घालत. पलीकडून तरवाल्याची, म्हणजे होडी चालवणाऱ्याची, ओ आली की घरी येऊन चूल पेटवत. ओ नाही आली तर चूल नाही. मी विचारलं, हे कशासाठी? बेटावर सगळं ठीक आहे हे त्यांना कळावं म्हणून का? काकींनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की शिकूनसवरून हिला काही कळत नाही. "हकडं काय व्हायचंय? पलीकडं मोठा रस्ता हाय, गाड्या हायत, लायटीच्या तारा हायत. ती माणसं धड हायत का ते बघायला नको?"

म्हणजे अख्ख्या पलीकडच्या गावाची हजेरी या बाई रोज बेटावरून घेत होत्या, आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता. गाव समजत होतं, म्हातारी कळवते, मी बरी आहे.

एकदा भरदुपारी वर्गातली एक मुलगी तापानं फणफणली. होडी हवी होती, माझ्या फोनला रेंज नव्हती. मी धक्क्याकडं धावले आणि तोंडाला हात लावले, तर काकींनी मागून येऊन माझे हात खाली ओढले. "दिवसाउजेडी कुकारा घालू नये गो! माणसं कामाला असतात. काय झालं, कोण गेलं, म्हणून धावत सुटतील. जीव जायची वेळ आली तरच घालावा." मग त्या मला बेटाच्या टोकाला, रेंज येते त्या दगडापर्यंत घेऊन गेल्या. तिथून मी फोन लावला. मुलगी बरी झाली. दुसऱ्यांना घाबरवायचं नाही, हा त्या बाईंचा नियम होता. घाबरायचं काम त्यांनी सगळ्यांच्या वतीनं स्वतःकडं घेतलेलं.

यजमानांचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेंगा सोलता सोलता. मुकादम बेफिकीर गडी. घमेलं घालायचे नाहीत, वादळात होडी काढायचे, सापाला काठीनं उचलून फेकायचे. काकी दिवसभर त्यांच्या मागं. "आणि गेले कसे सांगू? ताप आला. साधा ताप. रविवारी अंथरुणात पडले नि बुधवारी गेले. मी सगळीकडं बघत होते गो. माडावर बघत होते, पाण्यात बघत होते. अंथरुणाकडं नाय बघितलं." एवढं बोलून त्या उठल्या आणि माझ्या कपाळाला हात लावून गेल्या. मला काही झालं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना कपाळाला हात लावू द्यायला लागले.

पुढं मुलं संपली, शाळा बंद झाली, माझी बदली होत होत मी रत्नागिरीजवळच्या पालीच्या शाळेवर आले. काकींची मुलगी मुंबईला असते, ती दरवर्षी आईला न्यायला यायची आणि दरवर्षी एकटी परत जायची. "मी गेल्यावर हकडं बघणार कोण?" हे काकींचं म्हणणं. बेटावर बघण्यासारखं उरलं होतं काय? शेवटी शेवटी तिथं त्या एकट्याच होत्या. एव्हाना त्यांच्या घरी लाईट आणि रेंज दोन्ही आली होती, त्यामुळे मी अधूनमधून फोन करायची. पहिला प्रश्न त्यांचाच असायचा, "जेवलीस? बघून जेवलीस ना?"

गेल्या मार्च महिन्यात एका रविवारी सकाळी त्या मुलीचा फोन आला. आई रात्रीपासून फोन उचलत नव्हती. "तरवाल्याला विचारलं मी, तर तो म्हणतो बरी आहे, कुकारा ऐकू आला तिचा. पण बाई, माझं मन नाही मानत. तुम्हाला जमेल का जाऊन यायला?" मी म्हटलं, अगं लाईट गेली असेल, फोन चार्ज नसेल. आणि तिला धीर देता देता मीच चपला घातल्या.

गावाच्या धक्क्यावर पोचले तर पाणी सुकलेलं. ओहोटी पूर्ण लागली होती, होडी चिखलात बसलेली. तरवाला शेडच्या सावलीत जाळं विणत होता. हा नवा. जुन्या तरवाल्याचा जावई, मालगुंडकडचा, सासरे गेल्यावर इथंच येऊन राहिलेला. गडी स्वभावानं चांगला, हसतमुख. म्हणाला, "कशाला धावपळ केलीत बाई? म्हातारी मजेत हाय. आज सकाळपासून चार वेळा तरी कुकारा मारलान. मी पण प्रत्येक वेळी ओ दिली ना!"

"सकाळपासून?" मी विचारलं.

"व्हय तर. उलट आज जास्तच खुशीत वाटली."

मी त्याला म्हटलं, काकी दिवसा कुकारा घालत नाहीत. कधीच नाही. त्याला कळलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. हातातलं जाळं खाली पडलं. "मला काय ठाऊक वो बाई... सासरे असते तर त्यांना समजलं असतं. मी आपला ओ देत होतो." तो तसाच चिखलात उतरायला निघाला. कमरेपर्यंत रुतला, तेव्हा मी आणि आणखी एका माणसानं त्याला दोरीनं मागं ओढलं. भरती लागल्याशिवाय इलाज नव्हता. मी तोंडाला हात लावून कुकारा घातला. माझा आवाज चिरकला, पाण्यापर्यंतही गेला नसेल. मग त्यानं घातला, खणखणीत. आम्ही कान देऊन उभे राहिलो. पलीकडून काहीच आलं नाही.

भरतीची वाट बघणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पाणी येतं, पण येताना दिसत नाही. मी एका दगडावर नजर लावून बसले होते, तो बुडेचना. मुलीचे फोन येत होते. मी काय सांगणार? "निघतेय," एवढंच सांगत राहिले. काकींच्या डोक्यात दिवसरात्र जे चालायचं ते सगळं आता माझ्या डोक्यात चाललं होतं. विहीर. चूल. साप. ताप. एकेक चित्र डोळ्यांसमोर यायचं आणि मी ते पुसायची की दुसरं हजर.

होडी तरंगली तसे आम्ही तिघं निघालो. बेटावर उतरले आणि पळत सुटले. चिऱ्याच्या खोल्यांच्या ओळीत एकही दार उघडं नव्हतं. बऱ्याच छपरांची कौलं आत कोसळली होती. घाण्याच्या दारात रान माजलं होतं. वाटेवर जिकडंतिकडं नारळ पडलेले, काहींना कोंब फुटून हातभर रोपं झालेली. इतकी शांतता की माझाच श्वास मला मोठा वाटत होता. मी "काकी, काकी" ओरडत होते.

"हकडं ये नको! आधी वर बघ!"

आवाज बारीक होता, पण त्यांचाच. धक्क्यावरून घराकडं जाणाऱ्या वाटेच्या कडेला, उघड्यावर, त्या कुशीवर पडल्या होत्या. आदल्या संध्याकाळचा कुकारा घालून परत येताना कोंब आलेल्या एका नारळात पाय अडकला. नजर नेहमीप्रमाणे वर, माडाच्या शेंड्याकडं. पायाखाली कोण बघतंय? मांडीचं हाड गेलं होतं, पाय वाकडा दिसत होता. आणि तशा पायानं त्या कोपरांवर सरपटत माडाखालून बाहेर, मोकळ्या जागेत आल्या होत्या. कोपरं सोलून निघाली होती. ओठ कोरडे पडले होते. मी बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडात घातलं तर म्हणाल्या, "एकदम घालू नको, ठसका लागंल."

तरवाला शेजारच्या खोलीचं दार उचकटून घेऊन आला. त्या दारावर त्यांना निजवून आम्ही होडीत आणलं. पलीकडं गाडी बोलावली होती, रत्नागिरीला नेऊन पायाचं बघायचं होतं. तरवाला वल्हं मारत होता आणि रडत होता. "काकी, मला समजलं नाय वो. तुम्ही ओरडायचं होतं. नुसता कुकारा कशाला घातलात? बोंब मारायची होती."

"बोंब मारली असती तर तू भरल्या घरातनं धावत आला असतास," काकी म्हणाल्या. "पाणी सुकलेलं. चिखलात शिरला असतास मेल्या. बायको-पोर हाय तुझं. म्हटलं, आपला साधा घालावा. पाणी आलं की येईल सावकाश."

म्हणजे मोडक्या मांडीनं, रात्रभर उघड्यावर पडून, या बाईंनी आवाज नीट लावून कुकारा घातला होता. कुणी घाबरू नये म्हणून. दर वेळी पलीकडून आनंदानं ओ येत होती आणि त्या ऐकत होत्या. "आणि रात्री?" मी विचारलं. "रात्री का नाही घातला?"

"सगळं गाव उठलं असतं गो."

मला काय झालं मला माहीत नाही. इतकी वर्षं मी त्यांना अहोजाहो केलं होतं, ते सगळं गळून पडलं. मी ओरडायला लागले. "अक्कल आहे का तुला? मेली असतीस तर? मी आज आले नसते तर? तुझ्या मुलीनं फोन केला नसता तर? उद्या सोमवार, मी शाळेत असते, कुणाला कळलं असतं? उन्हानं मेली असतीस. कोल्हे आहेत रानात, ते आले असते. मुंग्या आल्या असत्या. पाण्यावाचून जीव गेला असता. पलीकडं माणसं ओ देत बसली असती आणि तू इथं..." मी त्यांचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

काकी डोळे मिटून ऐकत होत्या. वेदनेनं घाम आला होता, पण चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका निवांत दिसत होता. जन्मभर त्यांनी सगळ्यांसाठी हेच केलं होतं, आणि त्यांच्यासाठी असं कुणी मोठ्यानं केलेलं त्या बहुतेक पहिल्यांदाच ऐकत असाव्यात. मी थांबले तसा त्यांनी एक डोळा उघडला.

"आणिक?" त्यांनी हळूच विचारलं. "आणिक काय झालं असतं गो मला?"

मी डोळे पुसले आणि होडी काठाला लागेपर्यंत त्यांना सांगत राहिले.